ॲनिमियाच्या आड लपलेली झडप : एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे ७४ वर्षांचे शेतकरी. घरीदारी सगळे त्यांना आप्पा म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव ठेवतो. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. तालुक्याच्या ठिकाणी माझ्या ओपीडीत ते आले ते अशक्तपणाची तक्रार घेऊन. सोबत पत्नी, मुलगा आणि प्लास्टिकच्या पिशवीत दीड वर्षाचे कागद. कागद चाळले की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. हिमोग्लोबिन खाली येतं, रक्त चढवलं की वर जातं, दोन-तीन महिन्यांत परत खाली. तीन खेपांना मिळून रक्ताच्या पाच पिशव्या दिलेल्या. लोहाच्या गोळ्या, लोहाची इंजेक्शनं, जंताचं औषध, मूळव्याधीचं औषध. एका कागदावर तपासणीच्या नोंदीत लिहिलं होतं, ‘हृदयात सिस्टॉलिक मर्मर, ॲनिमियामुळे.’ त्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक कागदावर तीच ओळ उतरवलेली.

या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही ओळ. ती अज्ञानातून आलेली नव्हती. अंगात रक्त कमी असलं की उरलेलं पातळ रक्त हृदय जास्त वेगाने फेकतं आणि निरोगी झडपेतूनही, हृदय आकुंचन पावताना, फुंकर मारल्यासारखा आवाज म्हणजे सिस्टॉलिक मर्मर ऐकू येतो, हे प्रत्येक डॉक्टरला शिकवलेलं असतं. अडचण अशी की ‘ॲनिमियामुळे’ हा शब्द लिहिला की प्रश्न संपतो. आवाजाचं कारण मिळालं, आता फक्त रक्त वाढवायचं. आप्पांच्या बाबतीत कारण आणि परिणाम नेमके उलटे होते. त्यांच्या हृदयाची महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप अरुंद झाली होती (याला एऑर्टिक स्टेनोसिस म्हणतात), त्यामुळे आतड्यातून रक्त जात होतं, आणि म्हणून ॲनिमिया होता.

काय विचारलं, काय सापडलं

दम लागतो का, असं विचारल्यावर आप्पा म्हणाले, “न्हाई, दम न्हाई लागत.” वयस्कर माणसं हे उत्तर नेहमी देतात आणि ते खोटं नसतं. दम लागणार नाही इतपतच काम करायची सवय त्यांनी नकळत लावून घेतलेली असते. म्हणून मी प्रश्न बदलतो. मागच्या दिवाळीला जे करत होतात, त्यातलं आता काय सोडलंय? याचं उत्तर बहुतेक वेळा घरचं माणूस देतं. आप्पांच्या पत्नी म्हणाल्या, “अवो, रानात जायचंच सोडलंय ह्येंनी. आधी मोटार चालू कराया बांधावरनं एकलंच जायाचं. आता पारावर बसत्यात, आन् घरी येताना बी दोनदा थांबत्यात.”

मुलाला चैत्रातली गोष्ट आठवली. जेजुरीचा गड चढताना आप्पांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते पायरीवरच कोसळले. मिनिटाभरात सावध झाले. छातीत दाटल्यासारखं होतंय म्हणाले, तेव्हा शेजारच्या कुणीतरी आपल्या खिशातली सॉर्बिट्रेटची गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली. त्यावर ते पुन्हा बेशुद्ध झाले. गावी परतल्यावर सगळ्यांनी ठरवलं, अंगात रक्त नाही म्हणून चक्कर आली.

श्रमाने धाप, श्रमाने छातीत दाटणं आणि श्रम करताना शुद्ध हरपणं. यातली पहिली दोन लक्षणं तीव्र ॲनिमियानेही होतात. तिसरं, तेही पायऱ्या चढताना, ॲनिमियाच्या खात्यावर टाकून मोकळं होणं धोक्याचं आहे. चढ चढताना पायांच्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. निरोगी हृदय तेवढ्या पटीत जास्त रक्त फेकतं आणि रक्तदाब टिकतो. हृदयाच्या तोंडाशीच वाट अरुंद असेल तर जास्त रक्त फेकता येत नाही, दाब कोसळतो आणि मेंदूचा पुरवठा क्षणभर तुटतो. सॉर्बिट्रेटनेही रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणजे त्या गोळीने तोच अपघात दुसऱ्यांदा घडवला. दुसऱ्याच्या छातीत दुखतंय म्हणून आपल्या खिशातली गोळी देण्याची पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण अशा रुग्णाचा त्यात जीव जाऊ शकतो.

शौचाचा रंग विचारला. “काळी हुती, पर त्या लोहाच्या गोळ्यांनी हुती म्हणत्यात.” हेही अर्धं खरं. लोहाने शौच गडद, हिरवट-काळी होते. आतड्यात वर कुठे रक्त सांडलं तर ती डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची होते. जो ॲनिमियासाठी लोह खातोय, त्याचा रक्तस्राव त्या गोळ्यांच्याच आड लपतो. गोळ्या बंद असताना कशी होती, असं विचारलं तेव्हा आप्पांनी थोडं आठवून सांगितलं की तेव्हाही चिकटच होत होती, भांड्याला लागून राहायची.

मग तपासणी. डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या, हिमोग्लोबिन ६.४. एवढ्या ॲनिमियात नाडी जोरकस, बोटांवर आपटणारी लागायला हवी. आप्पांची नाडी बारीक होती आणि सावकाश वर चढत होती. मानेतल्या धमनीवर बोट ठेवल्यावर ते अधिकच स्पष्ट झालं. रक्तदाब १०८/८२, म्हणजे वरच्या आणि खालच्या आकड्यांत अंतर फारच थोडं. शंका बोटांनी घेतली होती, स्टेथोस्कोपने ती पक्की केली. छातीच्या हाडाच्या उजवीकडे, वरून दुसऱ्या फासळीच्या खाली, खरखरीत, उंच जाणारा आवाज. तो मानेत दोन्ही बाजूंना पोचत होता आणि तिथे हात ठेवला तर थरथर जाणवत होती. ॲनिमियाचा मर्मर मऊ आणि आखूड असतो, लवकर टिपेला पोचून विरतो, आणि त्यानंतर हृदयाचा दुसरा ठोका ठणठणीत ऐकू येतो. इथे आवाज उशिरा टिपेला जात होता आणि दुसरा ठोका जवळजवळ हरवलेला. झडपेच्या पाकळ्या इतक्या ताठरल्या की मिटतानाचा आवाजच होईना.

आणखी एक कागद त्या पिशवीच्या तळाशी होता, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीचा सहा वर्षांपूर्वीचा फिटनेसचा कागद. त्यावर हिमोग्लोबिन १३.२ आणि खाली ‘हलका मर्मर’. म्हणजे अंगात रक्त पुरेसं होतं तेव्हाही आवाज होताच! जुने कागद वाचायला लागणारी दहा मिनिटं ओपीडीच्या गर्दीत सापडत नाहीत हे मला मान्य आहे, पण या रुग्णात तो एक कागद सगळ्या तपासण्यांच्या तोडीचा होता.

इकोचे आकडे आणि त्यातली अडचण

ईसीजीत डाव्या कप्प्याची भिंत जाड झाल्याच्या खुणा होत्या. साताऱ्यात इको (हृदयाची सोनोग्राफी) काढला. महाधमनीच्या झडपेच्या तिन्ही पाकळ्यांवर कॅल्शियमचे जाड थर, पाकळ्या जेमतेम हलणाऱ्या. झडपेतून जाणाऱ्या रक्ताचा वेग सेकंदाला ४.७ मीटर, झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला सरासरी फरक पाऱ्याचे ५४ मिमी, आणि उघडणारी जागा ०.७ चौरस सेंटीमीटर. डाव्या कप्प्याची भिंत १५ मिमी, पंपाची ताकद मात्र ६० टक्के, म्हणजे उत्तम.

हे आकडे वाचण्यासाठी एवढं पुरे. निरोगी प्रौढाची ही झडप ३ ते ४ चौरस सेंटीमीटर उघडते. वेग ४ मीटर किंवा त्याहून जास्त, सरासरी फरक ४० मिमी किंवा जास्त आणि क्षेत्रफळ १ चौरस सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर आजार तीव्र समजतात.

पण हिमोग्लोबिन ६.४ असताना घेतलेल्या वेगावर आणि दाबावर आंधळा विश्वास ठेवू नये. रक्त जास्त वेगाने फिरत असतं, त्यामुळे हे दोन्ही आकडे फुगतात. क्षेत्रफळाच्या आकड्याला त्याचा तेवढा धक्का बसत नाही. म्हणून आधी रक्त दिलं. एका दिवशी एकच पिशवी, अगदी सावकाश, जोडीला लघवी वाढवणारं औषध. जाड, ताठर झालेल्या कप्प्यावर रक्ताचा एकदम भार टाकला तर फुप्फुसात पाणी भरतं. हिमोग्लोबिन ९.८ झाल्यावर इको पुन्हा काढला तेव्हा वेग ४.४, फरक ४६, क्षेत्रफळ तेच ०.७. फुगवटा उतरला, तरी आजार तीव्रच.

याच्या उलटाही सापळा असतो. हृदयाचा पंप थकला की वेग आणि दाब दोन्ही खाली येतात आणि रिपोर्टवर ‘मध्यम’ असा शब्द येतो, झडप मात्र टाचणीएवढीच उघडत असते. तिथे औषध देऊन हृदय उत्तेजित करून इको काढावा लागतो, किंवा सीटी स्कॅनवर झडपेतलं कॅल्शियम मोजतात. पुरुषांत २००० आणि स्त्रियांत १२०० गुणांच्या पुढे तीव्र आजार असण्याची शक्यता दाट. आप्पांना याची गरज पडली नाही.

ट्रेडमिलवर चालवून बघू, अशी एक सूचना आली होती. लक्षणं असलेल्या तीव्र एऑर्टिक स्टेनोसिसमध्ये ट्रेडमिल चाचणी करू नये. जेजुरीच्या पायऱ्यांवर त्यांची ती चाचणी होऊन गेली होती.

झडप अशी का होते

कारणं मुख्यतः तीन. पहिलं, वयाबरोबर पाकळ्यांत कॅल्शियम साठणं. दुसरं, जन्मापासून तीनऐवजी दोनच पाकळ्या असणं. शंभरातल्या एक-दोन माणसांत असं असतं आणि त्यांची झडप दहा-वीस वर्षं आधी, पन्नाशी-साठीतच अरुंद व्हायला लागते. तिसरं, लहानपणी घशाच्या संसर्गानंतर येणारा संधिवाताचा ताप. आपल्याकडे तो अजून संपलेला नाही, पण त्यात पाकळ्या कडेने एकमेकींना चिकटतात आणि बहुतेक वेळा डावीकडची दुसरी झडप, मायट्रल, हीदेखील बिघडलेली असते. आप्पांची मायट्रल झडप चांगली होती, पाकळ्या तीन होत्या, वय ७४. पहिलंच कारण. दोन पाकळ्या निघाल्या असत्या तर त्यांच्या भावंडांचा आणि मुलांचाही इको काढायला सांगितला असता, कारण हा दोष घराण्यात चालतो.

वयाबरोबर झडप झिजते, असं म्हटलं जातं. ते अपुरं आहे. पाकळीच्या वरच्या नाजूक आवरणाला रक्ताच्या माऱ्याने इजा होते, तिथून कोलेस्टेरॉलसारखे स्निग्ध कण आत शिरतात, सूज येते, आणि मग पाकळीतल्याच पेशी आपलं काम सोडून हाड बनवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. जमणारं कॅल्शियम हाडातल्या कॅल्शियमसारखंच असतं. उच्च रक्तदाब, तंबाखू, मधुमेह, मूत्रपिंडाचा जुनाट आजार आणि रक्तातलं लायपोप्रोटीन-ए जास्त असणं यांमुळे हा प्रवास लवकर सुरू होतो. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांत ७५ वर्षांपुढच्या लोकांत तीव्र आजाराचं प्रमाण सुमारे ३ टक्के आढळलं आहे.

सुरुवात धमन्यांतल्या चरबीच्या थरांसारखी असल्यामुळे कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी झडपही वाचेल, अशी मोठी आशा होती. तीन चांगल्या चाचण्या झाल्या. त्यांतल्या सर्वांत मोठ्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,८०० हून अधिक रुग्ण होते. झडपेच्या वाटचालीत फरक पडला नाही. हे रुग्णांना स्पष्ट सांगावं लागतं. आजही अरुंद झडप रुंद करणारी किंवा तिचं अरुंद होणं थांबवणारी गोळी नाही. आयुर्वेदिक काढ्याने ‘वॉल मोकळा’ करून देतो म्हणणाऱ्या एकाकडे आप्पांचा मुलगा काही महिने आधी जाऊन आला होता.

आजार पुढे सरकतो त्याचा साधारण अंदाज बांधता येतो. मध्यम अवस्थेनंतर वेग दरवर्षी सुमारे ०.३ मीटरने वाढतो, दाबातला फरक सुमारे ७ मिमीने, आणि क्षेत्रफळ ०.१ चौरस सेंटीमीटरने घटतं. माणसागणिक यात खूप फरक असतो, पण मोतीबिंदूच्या वेळचा ‘हलका मर्मर’ आणि सहा वर्षांनंतरचा ४.४ मीटर हा हिशोब बरोबर बसतो. तेव्हा इको झाला असता तर सौम्य आजार दिसला असता, दर तीन-चार वर्षांनी, पुढे दरवर्षी तपासणी ठेवता आली असती.

लक्षणं येईपर्यंत माणूस अनेक वर्षं ठीक असतो. लक्षणं आली की मात्र काळ आखूड होतो. रॉस आणि ब्रॉनवाल्ड या अमेरिकी डॉक्टरांनी १९६८ मध्ये मांडलेला हिशोब अजूनही शिकवतात. झडप न बदलल्यास छातीत दुखू लागल्यापासून सरासरी पाच वर्षं, शुद्ध हरपल्यापासून तीन, हृदय निकामी होऊ लागल्यापासून दोन. ते रुग्ण आजच्या रुग्णांपेक्षा तरुण होते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. दिशा मात्र तीच आहे.

मग रक्त जात कुठून होतं?

पुण्यात पोटाच्या तपासण्या झाल्या. तोंडातून घातलेल्या दुर्बिणीत जठर ठीक. गुदमार्गे केलेल्या तपासणीत मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लाल, जाळीदार, फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचे ठिपके दिसले. याला अँजिओडिस्प्लेसिया म्हणतात. वाढत्या वयात असे ठिपके अनेकांत असतात आणि बहुतेकांत गुपचूप राहतात. आप्पांचे पाझरत होते. विजेच्या झोताने ते जाळले. पाच आठवड्यांत हिमोग्लोबिन पुन्हा ८.१ वर. कॅप्सूल गिळून केलेल्या तपासणीत लहान आतड्यातही तसेच ठिपके निघाले.

एडवर्ड हाइड नावाच्या अमेरिकी डॉक्टरने १९५८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ला एक छोटं पत्र लिहिलं. कॅल्शियम साठून अरुंद झालेली महाधमनीची झडप आणि कारण न सापडणारा आतड्यातला मोठा रक्तस्राव, असे दहा रुग्ण आपण पाहिले. इतर कुणाला हे दिसलंय का, असं त्यात विचारलं होतं. या जोडीला आज हाइड सिंड्रोम म्हणतात. दुवा कळायला पुढे काही दशकं लागली.

रक्त गोठण्यासाठी व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचं एक प्रथिन लागतं. ते लांबलचक साखळ्यांच्या रूपात रक्तात फिरतं. साखळी जितकी लांब तितकी ती जखमेवर प्लेटलेट चिकटवायला जास्त उपयोगी. एरवी ती दोऱ्याच्या गुंडीसारखी गुंडाळलेली असते. अरुंद झडपेतून प्रचंड वेगाने जाताना त्या ताणाने ती उलगडते, आणि उलगडलेल्या साखळीवर रक्तातल्या एका विकराची (एन्झाइमची) कातर चालते. लांब साखळ्या तुटून आखूड होतात. प्लेटलेटची संख्या नॉर्मल, गोठण्याच्या नेहमीच्या चाचण्या नॉर्मल, तरी बारीक रक्तवाहिन्यांतला पाझर थांबत नाही. हेच प्रथिन नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीलाही लगाम घालतं, त्यामुळे त्याची कमतरता हे आतड्यातले ठिपके वाढण्याचंही एक कारण असावं, असा विचार आहे.

साखळ्यांची लांबी मोजणारी चाचणी मोजक्याच प्रयोगशाळांत होते आणि आप्पांची ती झाली नाही. तीव्र अरुंद झडप, आतड्यातले पाझरणारे ठिपके आणि वारंवारचा ॲनिमिया हे तिन्ही समोर असताना निर्णय त्या चाचणीसाठी अडवून धरण्यात अर्थ नव्हता.

पूर्वी अशा रुग्णांच्या आतड्याचा भाग कापून काढत. रक्तस्राव अनेकदा परत येई. आणि ज्यांची झडप बदलली, त्यांच्यातल्या बहुतेकांचा रक्तस्राव आतड्याला हात न लावता थांबला. यातून एक गोष्ट मला प्रत्येक तरुण सहकाऱ्याला सांगावीशी वाटते: साठीपुढच्या माणसात ॲनिमिया आणि मर्मर एकत्र दिसले तर ‘ॲनिमियामुळे’ हा शब्द इको होईपर्यंत लिहू नका. इको तालुक्याच्या गावात किंवा जिल्ह्याला होतोच. आप्पांना दिलेल्या पाच पिशव्यांच्या खर्चात आणि हेलपाट्यांत तो कधीच निघाला असता.

कोणती झडप, कशी बसवायची

मुलाचा पहिला प्रश्न होता, “छाती न उघडता बसवतात म्हणे. शेत विकायला लागलं तर विकतो, पण आप्पांना त्रास नको.” त्याला टावीबद्दल माहीत होतं. मांडीच्या धमनीतून नळी सरकवून, घडी केलेली नवी झडप जुन्या झडपेच्या आत उघडायची. फ्रान्समधल्या रूआँ शहरात हृदयरोगतज्ज्ञ आलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी ती माणसात पहिल्यांदा बसवली. तो ५७ वर्षांचा रुग्ण अत्यवस्थ होता आणि शस्त्रक्रियेला सर्वांनी नकार दिला होता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ऑपरेशन सोसणार नाही अशा रुग्णांपैकी नुसत्या औषधांवर वर्षभरात ५०.७ टक्के दगावले, टावी केलेल्यांत ३०.७ टक्के. २०१९ पर्यंत कमी धोक्याच्या रुग्णांतही ती शस्त्रक्रियेच्या तोडीची ठरली. गुजरातमधल्या वापीत तयार होणारी मायव्हॅल आल्यावर आपल्याकडे पर्याय वाढले, तरीही खर्च अनेक लाखांत जातो.

त्याच क्रिबिए यांनी १९८५ मध्ये फुग्याने झडप फुगवून उघडण्याची पद्धत सुरू केली होती. ती सोपी आणि स्वस्त, पण सहा महिने ते वर्षभरात झडप बहुधा पुन्हा अरुंद होते. अत्यवस्थ रुग्णाला मोठ्या उपचारापर्यंत टिकवायला तिचा उपयोग, आप्पांना नाही.

पुण्यातल्या हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यविशारदांबरोबर बसून ठरवलं. आप्पा ८२ वर्षांचे असते, किंवा फुप्फुसं-मूत्रपिंडं थकलेली असती, तर मी टावीसाठीच आग्रह धरला असता. अमेरिकेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ ते ८० या वयात दोन्ही पर्याय खुले ठेवलेत आणि रुग्णाशी बोलून ठरवा असं म्हटलंय. आप्पांची मूत्रपिंडं ठीक, अँजिओग्राफीत हृदयाच्या धमन्या मोकळ्या, अंगकाठी काटक. शस्त्रक्रियेचा धोका कमी होता, आणि ती महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसत होती. शेत विकण्याची गरज नाही, असं मी मुलाला ठामपणे सांगितलं. ज्या पर्यायाचा निकाल चांगला आहे तो नाकारून कुटुंबाला कर्जात ढकलणं मला योग्य वाटत नाही.

धातूची की प्राणिज, हा प्रश्न लवकर सुटायला हवा होता. धातूची झडप दीर्घकाळ टिकते, पण आयुष्यभर ॲसिट्रॉमसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी लागते. ज्याच्या आतड्यात पाझरणारे ठिपके आहेत त्याला ती गोळी देणं म्हणजे नवा रक्तस्राव ओढवून घेणं. तेव्हा प्राणिज झडपच.

आप्पा माळकरी. प्राणिज म्हणजे कुठल्या प्राण्याची, हे त्यांनी स्वतः विचारलं. डुकराची झडप किंवा गोवंशाच्या हृदयावरच्या पडद्यापासून शिवलेली, असे दोन प्रकार सांगितले. “त्यासाठी मारत्यात का?” मी खरं तेच सांगितलं. परदेशात मांसासाठी जी जनावरं कापतात, त्यांचा हा भाग घेऊन प्रक्रिया करतात. आप्पा दोन दिवस काहीच बोलले नाहीत. मग गावच्या भजनी मंडळातल्या महाराजांना भेटून आले. महाराजांनी काय सांगितलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, “बसवा” एवढंच म्हणाले. अनेक ठिकाणी ही माहिती रुग्णाला दिलीच जात नाही, संमतीपत्रात ‘टिश्यू व्हॉल्व्ह’ असं छापलेलं असतं आणि खाली सही. माझ्या मते हे चूक आहे. माणसाच्या शरीरात काय बसवतोय हे त्याला त्याच्या भाषेत कळलंच पाहिजे, मग तो हो म्हणो वा नाही.

ऑपरेशन आणि नंतर

आधी दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं. वर्षानुवर्षांच्या मिश्रीने दोन दाढा पार किडल्या होत्या, त्या काढल्या. किडक्या दातांतले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसले तर तो संसर्ग जीवघेणा ठरतो.

शस्त्रक्रियेत गोवंशाच्या पडद्याची २३ मिमीची झडप बसली. आकाराचा आग्रह यासाठी, की शरीराच्या मानाने लहान झडप बसली तर तिच्यातूनही रक्त वेगाने जातं, साखळ्या तुटत राहतात आणि रक्तस्राव सुरूच राहतो. हार्ट-लंग मशीनसाठी हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध द्यावं लागतं, त्यामुळे आतड्यातून मोठा रक्तस्राव होईल अशी सर्वांना धास्ती होती. तसं झालं नाही. झडप बदलल्यावर काही तासांतच लांब साखळ्या परत दिसू लागतात, हे अभ्यासांतून माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके अनियमित झाले. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर हे वारंवार घडतं, एरवी त्यात रक्त पातळ करणारं औषध सुरू करतात. इथे तेच टाळायचं होतं. अमिओडॅरोनने दीड दिवसात लय सुधारली आणि तो प्रश्न तिथेच मिटला. दहाव्या दिवशी घरी सोडलं. ॲस्पिरिन कमी मात्रेत तीन महिने दिली, दर पंधरा दिवसांनी हिमोग्लोबिन बघायच्या अटीवर.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.४, वर्षाने १३. मधल्या काळात रक्ताची एकही पिशवी लागली नाही, लोहाचा साठा भरल्यावर गोळ्याही बंद केल्या. आतड्यातले ठिपके कदाचित अजून तिथेच असतील. ते पाझरत नाहीत, म्हणून पुन्हा दुर्बीण घातली नाही. नव्या झडपेपाशी दाबातला सरासरी फरक १२ मिमी आहे. डाव्या कप्प्याची भिंत १५ वरून १२ मिमीवर आली. आप्पा सकाळी मोटार चालू करायला पुन्हा एकटे जातात.

त्यांना दिलेल्या सूचना थोड्या आहेत. दात काढायचा असेल तर तासभर आधी अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, आणि झडप बदललीय हे दातांच्या डॉक्टरला आधी सांगायचं. थंडी वाजून आलेला ताप दोन दिवसांत उतरला नाही तर परस्पर अँटिबायोटिक न घेता आधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का याची तपासणी. मिश्री बंद, ती त्यांनी खरोखर सोडली आहे. वर्षातून एकदा इको. प्राणिज झडप साधारण दहा-पंधरा वर्षं चालते. ती थकली तर तिच्याच आत टावीने दुसरी बसवता येईल, २३ मिमीमुळे तेवढी जागा आहे. या वर्षी त्यांना माउलींच्या पालखीबरोबर चालायचं आहे. मी लोणंद ते तरडगाव या एकाच छोट्या टप्प्याला परवानगी दिली आहे, आणि मुलाने बरोबर राहायचं, खिशात कुणाचीही सॉर्बिट्रेट ठेवायची नाही, ही अट घातली आहे.